ताजमहाल हॉटेल : दंतकथा आणि इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'मुंबईचे ताजमहाल हॉटेल' असे सांगितले. ते ऐकून ते क्षणभर गप्प झाले. त्यांच्या मनातला प्रश्न मला कळला. मिरचीचा हंगाम आटोपून, उन्हाने तापलेल्या अंगणात पाणी शिंपडून तुम्ही संध्याकाळी येथे येऊन बसणार, आणि मी तुम्हांला सांगणार काय, तर ज्या हॉटेलात आपल्यापैकी बहुतेकांना एक रात्रही राहता येणार नाही, त्याचा इतिहास! ज्या गावाला जायचे नाही त्याची वाट कशाला विचारायची, असे कोणी म्हटले तर त्यात वावगे काही नाही.

पण मुंबईला गेलेला आपल्याकडचा माणूस 'गेटवे ऑफ इंडिया' पाहिल्यावाचून परत येत नाही. तेथे उभे राहिले की समोर समुद्र आणि पाठीमागे ती घुमटाची इमारत दिसते. आपण तिच्याकडे मान वर करून पाहतो आणि बरोबरच्या माणसाला तिची गोष्ट सांगतो. गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक असते. आज मला त्या गोष्टीविषयीच बोलायचे आहे. ती खरी किती, खोटी किती, आणि खोट्या भागामुळे आपण काय गमावले, एवढेच पाहायचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. हे हॉटेल बांधणारे जमशेटजी टाटा आपल्याला वाटतात तितके परके नव्हेत. त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीस झाला. नंदुरबारला सुरतेच्या गाडीत बसले की नवापूर, व्यारा, बारडोली करीत आपण उधन्याला पोहोचतो. तेथून दक्षिणेकडे वळले की नवसारी आलीच. म्हणजे येथून मुंबईपेक्षा नवसारी जवळ. पारशी पुरोहितांच्या घराण्यातला हा मुलगा मुंबईस गेला, व्यापारात पडला, आणि १८७७ साली नागपुरास त्याने कापडाची एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी काढावी, हा त्यामागचा विचार. कापूस पिकवणाऱ्या खानदेशाला तो समजावून सांगण्याची गरज नाही.

आता ती गोष्ट. मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसनचे हॉटेल होते. १८६० नंतरच्या दशकात ते उभे राहिले. त्याचा सगळा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, जहाजाने येथे आणून जोडलेला होता. १८९६ च्या ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात. हॉटेल गोऱ्यांचे होते. तेथे हिंदी माणसाला प्रवेश नव्हता. गोष्ट अशी सांगतात की, जमशेटजी एकदा तेथे गेले असता दरवाज्यावर त्यांना अडवण्यात आले. तो अपमान त्यांच्या जिव्हारी लागला आणि 'ह्याच्यापेक्षा मोठे हॉटेल बांधून दाखवीन' अशी त्यांनी प्रतिज्ञा केली. त्या प्रतिज्ञेतून ताजमहाल हॉटेल निर्माण झाले.

गोष्ट ऐकायला फार गोड आहे. आपला माणूस, त्याचा अपमान, आणि त्याने घेतलेला सूड. नंद राजाच्या सभेत चाणक्याची शेंडी सुटली त्या कथेची ही मुंबईतली आवृत्तीच म्हणा ना! पण इतिहासाच्या अभ्यासकांनी या गोष्टीविषयी शंका घेतली आहे, आणि ती शंका विचार करण्याजोगी आहे. जमशेटजींचे स्वतःचे प्रशस्त घर, एस्प्लनेड हाउस, त्याच भागात होते. त्यांना खोलीसाठी कोणाच्या दारात उभे राहण्याचे कारण नव्हते. जमशेटजींना ओळखणारा 'टाइम्स ऑफ इंडिया'चा संपादक लोव्हॅट फ्रेझर याने लिहून ठेवले आहे ते निराळेच. त्याच्या सांगण्याप्रमाणे जमशेटजींना हॉटेलाचे मालक होण्याची हौस नव्हती. लोकांनी हिंदुस्थानात यावे आणि त्या निमित्ताने मुंबई सुधारावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

कोणी म्हणेल, अपमान झाला असो वा नसो, फरक काय पडतो? हॉटेल तर झालेच ना? माझ्या मते फरक पुष्कळ पडतो. तो कळण्यासाठी त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणली पाहिजे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पाहता पाहता साथ शहरभर पसरली. घरे ओस पडली. रेल्वे आणि गलबते माणसांनी भरभरून बाहेर जाऊ लागली आणि काही महिन्यांत शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती पळून गेली. परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांकडे संशयाने पाहू लागली. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून काय झाले, २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी कशी झाडली, हे आपण शाळेत वाचलेले आहे. प्लेग आपल्या खानदेशातही आला. गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिल्याच्या आठवणी ज्यांच्या घरी आज्या-पणज्यांनी सांगितल्या असतील, त्यांना ते दिवस वर्णन करून सांगायला नकोत.

अशा वेळी, ज्या शहरातून माणसे पळून जात होती, त्या शहरात पाहुण्यांसाठी घर बांधायचा विचार एका माणसाने केला. त्याने अपोलो बंदराजवळची, समुद्र हटवून केलेली जागा भाडेपट्ट्याने घेतली. प्लेग हटलेला नव्हता. शहर पुन्हा पूर्ववत नांदेल अशी हमी कोणी देऊ शकत नव्हते. तरीही मुंबई टिकणार, जगातले लोक तिच्याकडे येणार, आणि ते आले म्हणजे त्यांना उतरायला चांगली जागा हवी, असे त्याने मनाशी धरले. यात सूड कोठे आहे? आणि यात जी धडाडी आहे ती सुडाच्या गोष्टीत कोठे येते? दंतकथा जमशेटजींना मोठे करू पाहते आणि प्रत्यक्षात लहान करते, ती अशी. अपमानाने पेटून उठणारी माणसे पुष्कळ असतात. सगळे गाव उठून चालले असता तेथे घराचा पाया खणणारा माणूस विरळा.

घरच्या लोकांनाही हे रुचले नव्हते असे दिसते. अशी आठवण सांगतात की, जमशेटजींनी हा बेत घरी सांगितला तेव्हा त्यांच्या बहिणीने त्यांना टोकले. विज्ञानाची संस्था काढणार, लोखंडाचा कारखाना काढणार, पाण्यापासून वीज काढणार, आणि आता हे भटारखानाही काढायला निघाले, असा तिचा रोख होता. 'भटारखाना' या शब्दात तिचे सगळे मत आले. भल्या घरच्या माणसाने खानावळ चालवावी काय? जमशेटजींनी खर्च टाटा मंडळींच्या पेढीवर टाकला नाही, स्वतःच्या खिशातून केला. बहिणीला काय उत्तर दिले ते कोणी सांगत नाही. बहुधा दिलेच नसावे.

आता दुसऱ्या माणसाकडे येतो. आजच्या व्याख्यानाचे खरे कारण हा माणूस आहे. या इमारतीचा आराखडा कोणी काढला? मी हा प्रश्न पुष्कळांना विचारला. बहुतेकांनी 'कोणी इंग्रज असेल' असे उत्तर दिले. ते उत्तर चूक आहे. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाने, डी. एन. मिर्झा यांच्या सहकार्याने केला. वैद्य हे काही अचानक उगवलेले नव्हते. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुकाराच्या नावाने ओळखले जाते. त्या प्रचंड कामावर साहाय्यक इंजिनियर म्हणून सीताराम खंडेराव होते, आणि देखरेखीला माधवराव जनार्दन नावाचे दुसरे मराठी गृहस्थ होते. मुंबईस उतरून फलाटावरून बाहेर पडताना आपण ज्या कमानींखालून जातो, त्यांच्यावर या दोघांचे कष्ट खर्ची पडले आहेत.

ताजचे काम पुरे होण्यापूर्वीच वैद्य वारले. पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुकाराने तडीस नेले. आता पाहा, लोकांनी यातून काय केले. आपण सर्वांनी ती दुसरी गोष्टही ऐकलेली आहे : हॉटेलाचा नकाशा करून वास्तुकार विलायतेस गेला. परत येऊन पाहतो तो मिस्त्री लोकांनी इमारत उलटी बांधलेली! तोंड समुद्राकडे हवे ते गावाकडे केलेले, आणि पाठ समुद्राकडे. ते पाहून त्या बिचाऱ्याला इतका धक्का बसला की, त्याने वरच्या मजल्यावरून उडी टाकून जीव दिला.

ही गोष्ट साफ खोटी आहे. इमारत उलटी बांधलेली नाही. तिचा आकार इंग्रजी 'यू' अक्षरासारखा. तिचे दोन हात पश्चिमेला, शहराच्या बाजूला पसरलेले होते आणि मूळचा दरवाजाही त्याच बाजूला होता. घोडागाड्या गावातून येणार, म्हणून दरवाजा गावाकडे. मुंबईत दुपारचा वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून तो पकडायला इमारतीचे हात पश्चिमेकडे. आणि पूर्वेकडची लांब बाजू बंदराच्या पाण्याकडे, म्हणजे तिकडच्या खोल्यांना समुद्र दिसावा. यात चूक काय झाली? आपल्याकडे घर बांधताना वाऱ्याची आणि उन्हाची दिशा पाहून खिडक्या काढणारा गवंडी जसा विचार करतो, तसाच हा विचार आहे. पुढे काळ बदलला. पश्चिमेच्या मोकळ्या जागेत पोहण्याचा तलाव झाला आणि येण्याजाण्याचा दरवाजा समुद्राकडे गेला. तेव्हापासून पाहणाऱ्याला वाटू लागले की, दरवाजा मुळात समुद्राकडेच असणार, आणि बांधणाऱ्याने घोटाळा केला असणार.

या गोष्टीने केलेला अन्याय तुमच्या ध्यानात आला असेल. वैद्य हे खरोखरीच काम अपुरे ठेवून वारले. पण दंतकथेत त्यांचे नाव गेले, जात-गाव गेले, विद्या गेली. उरला एक निनावी परदेशी वास्तुकार आणि नकाशा उलटा धरणारे अडाणी देशी कारागीर. ज्या इमारतीचा आराखडा देशी बुद्धीतून निघाला, तिच्याविषयी आपणच पिढ्यानुपिढ्या असे सांगत आलो की, देशी लोकांनी ती बिघडवली! आपल्या माणसांच्या हातून काम नीट होणारच नाही, ही समजूत आपल्या मनात किती खोल गेली होती, याची ती गोष्ट म्हणजे एक खूण आहे.

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. पहिल्या दिवशी सतरा पाहुणे होते असे सांगतात. खोलीचे भाडे दहा रुपये, आणि पंखा व स्वतंत्र स्नानगृह हवे असेल तर तेरा. विजेचे दिवे होते, जर्मनीहून आणलेल्या लिफ्ट होत्या, अमेरिकेचे पंखे होते, तुर्की पद्धतीची स्नानगृहे होती. मधला तो अधांतरी वाटणारा जिना पाहायला लोक आजही थांबतात. त्या वेळी 'गेटवे ऑफ इंडिया' नव्हते. ते १९२४ साली पुरे झाले. म्हणजे जवळजवळ वीस वर्षे मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजाला प्रथम दिसे तो या हॉटेलाचा घुमट. पुढे पहिल्या महायुद्धात याच इमारतीत सहाशे खाटांचे इस्पितळ उघडले गेले.

आणि त्याच्या दरवाज्यावर रंग पाहून कोणाला अडवत नसत. वॉटसनच्या गोष्टीचा जो खरा गाभा आहे तो येथे आहे. सूड नसेल, पण उत्तर जरूर होते. सरकारी मदतीवाचून हिंदी पैशाने बांधलेल्या, हिंदी माणसाने आखलेल्या घरात गोऱ्यांनी हिंदी माणसाच्या शेजारी बसून जेवायचे, हे १९०३ साली लहान काम नव्हते. वॉटसनच्या हॉटेलाची इमारत आजही आहे. तिची दशा मात्र अशी की, २०१९ साली ती धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली.

आता मी एका आक्षेपाचा विचार करतो, कारण तो तुमच्यापैकी कोणाच्या तरी मनात आलेला असणार. हे हॉटेल उभे राहत होते ती वर्षे कोणती? प्लेगचे मी सांगितले. पण त्यातच १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. त्याला गुजरातेत आणि आपल्याकडेही छप्पनचा दुष्काळ म्हणतात, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला. गुरे मेली, माणसे मेली, झाडांचा पाला खाऊन लोकांनी दिवस काढले. त्याच वेळी मुंबईस परदेशी फरशा आणि तुर्की स्नानगृहे यांची मांडणी चालली होती. हे शोभते काय?

मी याचे समर्थन करणार नाही, आणि हा प्रश्न टाळणारही नाही. ताजचा दरवाजा रंगाने अडवत नव्हता हे खरे. पैशाने मात्र अडवतच होता. दहा रुपये हे त्या काळी मजुराच्या महिन्याच्या कमाईत मोजण्याची रक्कम होती. एक अडसर निघाला म्हणजे सगळे अडसर निघाले असे होत नाही. इतिहास सांगणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे. फक्त त्याबरोबर दुसरी बाजू सांगतो. ज्या माणसाने ही रक्कम हॉटेलात घातली, त्यानेच आपल्या संपत्तीचा मोठा भाग विज्ञानाच्या शिक्षणासाठी काढून ठेवला होता. त्यातून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली स्थापन झाली. लोखंडाचा कारखाना १९०७ साली नोंदला गेला, खोपोलीची वीज १९१५ साली मुंबईला मिळू लागली. यांतले काहीही पाहायला जमशेटजी राहिले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचा अंत झाला. बहिणीने ज्याला भटारखाना म्हटले तेवढेच एक स्वप्न त्यांनी डोळ्यांनी पुरे झालेले पाहिले, तेही पाच महिने.

यानंतर मधला बराच काळ मी ओलांडतो. १९७३ साली शेजारी उंच मनोरा उभा राहिला. जुन्या भागाचे महत्त्व वाढतच गेले. आणि मग २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आली. तीन दिवस घुमटाखालून निघणारा धूर आपण दूरदर्शनवर पाहत होतो. त्या हॉटेलात एकतीस माणसे मारली गेली. त्यांपैकी अकरा जण हॉटेलाचे नोकर होते. मागच्या दारांची आणि जिन्यांची माहिती त्यांना सर्वांत अधिक होती. त्यांनी मनात आणले असते तर ते सर्वांच्या आधी बाहेर पडू शकले असते. ते पाहुण्यांना वाट दाखवीत राहिले. जुन्या भागाची दुरुस्ती पुरी होऊन तो १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला. आज हॉटेल पाहायला जाणाऱ्याने घुमट जरूर पाहावा. पण त्या अकरा जणांचीही आठवण करावी.

२०१७ साली या इमारतीच्या रूपाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. तिचे चित्र धंद्यासाठी वापरायचे तर आता परवानगी लागते. घुमटाच्या रेषेला कायद्याचे संरक्षण मिळाले, हे चांगलेच झाले. पण ती रेघ कागदावर ओढणाऱ्यांत पहिला जो सीताराम खंडेराव वैद्य, त्याच्या नावाला कोणाचे संरक्षण आहे? ते काम कायद्याचे नव्हे, तुमचे-माझे आहे.

नावे जपणे म्हणजे काय, हे मी नंदुरबारच्या परिसरात येऊन सांगावे असे नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. या पाच मुलांची नावे येथील शाळेतले पोर तारखेसकट सांगते. त्यांच्याभोवती चमत्काराची गोष्ट कोणी गुंफली नाही, कारण गरजच पडली नाही. जे घडले तेच पुरेसे होते. आपल्या लोकांना खरी हकीकत जपता येते, याचा हा पुरावा आहे. मग जी कसोटी आपण हुतात्म्यांना लावली, तीच कारागिरांनाही का लावू नये?

म्हणून जाताना तुम्हांला एक विनंती करतो. आपल्या पंचक्रोशीत जुनी विहीर असेल, बारव असेल, देऊळ असेल, गढीची भिंत असेल, शंभर वर्षांपूर्वीची लाकडी माडी असेल. ती कोणी बांधली, दगड कोठून आला, सुतार कोण होता, हे सांगू शकणारे एखादे म्हातारे माणूस अजून कोठेतरी ओसरीवर बसलेले असेल. येत्या सुट्टीत एखाद्या मुलाने वही घेऊन त्याच्याजवळ बसावे आणि नावे लिहून घ्यावीत. जे ऐकीव असेल ते ऐकीव म्हणून लिहावे, आणि ज्याची खात्री असेल ते खात्रीचे म्हणून लिहावे. एवढा भेद पाळला तरी पुष्कळ झाले. तो न पाळल्यामुळे रावसाहेब वैद्यांसारखा माणूस आपल्याच गोष्टीतून हरवला.

आणि पुढच्या वेळी मुंबईस जाल, गेटवेपाशी उभे राहाल, आणि शेजारचा कोणी ती उलट्या इमारतीची गोष्ट सुरू करील, तेव्हा त्याला रागावू नका. फक्त दुपारी वारा कोणीकडून येतो ते त्याला दाखवा, आणि आराखडा काढणाऱ्याचे नाव सांगा.